सामाईक मजला : प्रस्तावना

मुंबई-पुण्यातल्या बऱ्याच नव्या व्यापारी इमारतींत एक खोली अशी असते, की ती कोणाची हे कागदावर स्पष्ट असतं आणि प्रत्यक्षात कोणालाच सांगता येत नाही. माहितीपत्रकातल्या चित्रात तिथे काचेच्या भिंती, रंगीत खुर्च्या आणि कॉफीचे कप घेतलेली हसरी मंडळी दिसतात. इमारत भरते, वीस-पंचवीस कंपन्या भाड्याने येतात आणि काही महिन्यांत खोलीला कुलूप लागतं. चौकशी केली की किल्ली सिक्युरिटीकडे आहे, बुकिंग फॅसिलिटी मॅनेजरकडे आहे आणि मॅनेजर आज साइटवर नाहीत, एवढं कळतं. अशी खोली उघडी कशी राहील आणि वर्षानुवर्षं वेगवेगळ्या माणसांच्या कामी कशी पडेल, हा या पुस्तकाचा विषय आहे.

आधी विषयाची हद्द आखून घेऊ. एकाच कंपनीच्या मुख्यालयातलं कँटीन किंवा सभागृह इथे अभिप्रेत नाही. तिथे वापरणारे, पैसे देणारे आणि नियम करणारे एकाच घरचे असतात. एचआरने पत्रक काढलं की प्रश्न मिटतो. आपल्यासमोरची इमारत वेगळी. सातव्या मजल्यावर सीएची फर्म, आठव्यावर रात्रपाळीचं कॉल सेंटर, नवव्यावर विमा कंपनीचं विभागीय कार्यालय आणि दहाव्यावर एखादी नवी कंपनी, जिच्यात आज दहा माणसं आहेत आणि पुढच्या वर्षी साठ असतील किंवा एकही नसेल. यांच्यात लिफ्टखेरीज समान काही नाही. शिवाय ही यादी टिकतही नाही. भाडेकरार सहसा तीन-तीन वर्षांच्या टप्प्यांनी होतात. इमारत पन्नास वर्षं उभी राहते. आर्किटेक्ट सामाईक मजल्याचा नकाशा काढतो तेव्हा त्याचा पहिला भाडेकरूसुद्धा ठरलेला नसतो, आणि पाचवा-सहावा तर अजून शाळेत असतो. गिऱ्हाईक गैरहजर असताना त्याच्या मापाचं शिवायचं, ही या कामातली मूळ अडचण आहे.

ही अडचण मुंबईला जुनी नाही. पोर्ट ट्रस्टने भराव घालून मिळवलेल्या जमिनीवर, जॉर्ज विटेट यांच्या आराखड्यानुसार, १९०८ ते १९१४ या काळात बॅलार्ड इस्टेट उभी राहिली. तिथल्या मजल्यांवर फक्त कचेऱ्या होत्या. जेवणखाण, चहा, गप्पा, वाट पाहणं, पाऊस थांबेपर्यंत टेकणं हे सगळं रस्त्यावर नाहीतर रस्त्यालगत व्हायचं. घरचा डबा डबेवाला आणून देई. ही व्यवस्था १८९० पासूनची. चहाला इराणी होता, जेवायला खानावळ होती. बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया १९२३ मध्ये सुरू झालं ते कचेरीतल्या माणसांच्याच भुकेवर. जागामालकाला यातलं काहीही बांधावं लागलं नाही, कारण शहर ते फुकटात पुरवत होतं. आणि पुरवताना जागाही बदलून देत होतं: ज्या फुटपाथवर सकाळी वर्तमानपत्रं मांडलेली असत तिथेच दुपारी फळवाला बसे आणि पावसाळ्यात छत्र्या दुरुस्त करणारा.

पुढे कचेऱ्या सरकल्या. वांद्रे-कुर्ला संकुल झालं, हिंजवडीत माहिती तंत्रज्ञानाची उद्यानं झाली. इथे भूखंड मोठे, इमारती रस्त्यापासून आत आणि मध्ये कुंपण, गेट, बॅगेची तपासणी. लिफ्टची वाट पाहून, गेट ओलांडून, रस्ता पार करून टपरी गाठायची आणि तसंच परत यायचं, यात मधली सुट्टी संपते. रस्ता जे देत होता ते आता इमारतीने द्यायचं आहे. सामाईक मजल्याचा जन्म हा असा झाला. तिथे टेबल टेनिस हवं की बीनबॅग, यावर खल करण्याआधी कोणती कामं रस्त्यावरून उचलून आत आणायची आहेत, हे लिहून काढलं तर डिझाइनची अर्धी वाट सरते.

बाहेरच्या जगाकडे पाहिलं तर कचेरीतल्या माणसांसाठी सोयी करण्याची कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. अमेरिकेत बफेलो शहरात फ्रँक लॉइड राइट यांनी लार्किन कंपनीसाठी बांधलेल्या, १९०६ मध्ये पूर्ण झालेल्या इमारतीत वरच्या मजल्यावर कर्मचाऱ्यांसाठी उपाहारगृह होतं. पण तिथे मालक एकच होता. अनेक भाडेकरूंच्या जागेचा धडा न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमध्ये मिळतो. तिथल्या खोलगट चौकात दुकानं थाटली होती, ती चालेनात. मग १९३६ च्या नाताळात तिथे बर्फावर घसरण्याचं मैदान तात्पुरतं म्हणून मांडलं गेलं. ते इतकं रुजलं की आजही हिवाळ्यात तिथे लोक घसरतात. बदल जमला, कारण मूळ चौकाचे तीन गुण पक्के होते: वरून चारही बाजूंनी तो दिसत होता, तो येण्याजाण्याच्या वाटेवर होता, आणि जमिनीखालच्या वाटांशी जोडलेला होता. धंदा फसला तरी जागा फसली नाही.

याच शहरात विल्यम व्हाइट यांनी १९७० च्या दशकात इमारतींपुढच्या चौकांचं चित्रीकरण करून माणसं कुठे आणि कशी बसतात याचा अभ्यास केला. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९८० मध्ये आलं. जास्त जागा बांधायच्या सवलतीच्या बदल्यात मालकांनी केलेले कित्येक चौक ओस पडले होते, आणि बसायला काही नसणं हे त्यामागचं एक साधं कारण निघालं. व्हाइट यांनी आणखी एक गोष्ट टिपली. सुटी खुर्ची मिळाली की माणूस बसण्याआधी ती थोडी सरकवतो, कधी कधी पुन्हा जवळपास तिथेच. सरकवण्याने सोय वाढतेच असं नाही, पण जागा आपण निवडली असं वाटतं. आपल्याकडच्या सामाईक खोल्यांत जमिनीला ठोकलेली टेबलं आणि साखळीने बांधलेली बाकं दिसतात तेव्हा मालकाला खुर्चीची काळजी आहे, बसणाऱ्याची नाही, हे बसणाऱ्याला न सांगता कळतं.

ब्रिटिश वास्तुविशारद फ्रॅन्सिस डफी यांनी कार्यालयाच्या इमारतीकडे आयुर्मानानुसार पाहायला शिकवलं. सांगाडा इमारतीइतकाच जगतो. नळ, वीज, वातानुकूलन पंधरा-एक वर्षांनी बदलतात. आतले पडदे-भिंती पाच-सात वर्षांनी. टेबल-खुर्च्या तर रोजच हलतात. स्टुअर्ट ब्रँड यांनी १९९४ च्या आपल्या पुस्तकात हीच मांडणी पुढे नेली. सामाईक मजल्याच्या बाबतीत तिचा अर्थ मी असा लावतो: खोली बदलती राहावी असं वाटत असेल तर न बदलणाऱ्या गोष्टी आधी आणि चोख ठरवाव्यात. सरकत्या भिंती आणि चाकांची टेबलं शेवटी येतात. या पुस्तकाला एकच गोष्ट सांगायची असेल तर ती ही आहे, आणि उदाहरण घेतल्याशिवाय ती पटणार नाही.

समजा, खोली २०० चौरस मीटरची आहे, म्हणजे साधारण २,१५० चौरस फूट. राष्ट्रीय इमारत संहितेच्या हिशेबाने कार्यालयासाठी माणशी १० चौरस मीटर धरतात. या खोलीत २० माणसं झाली. तिथेच जेवणाची सोय केली तर माणशी १.५ धरायचं, आकडा १३३ वर गेला. खुर्च्या मांडून सभा भरवली तर माणशी ०.६, आता ३३३ माणसं. खोली तीच आणि भिंतीही त्याच. पण दारांची संख्या आणि रुंदी, जिन्यापर्यंतचं अंतर, स्वच्छतागृहं हे सगळं कोणत्या आकड्यावर बेतायचं? उत्तर एकच आहे: सगळ्यात मोठ्या. आग लागते तेव्हा बुकिंगच्या वहीत काय लिहिलं होतं हे ती पाहत नाही. एवढी दारं देणं शक्य नसेल तर कमाल संख्या ठरवून ती दाराबाहेर ठळक लिहावी आणि पाळावी.

हाच हिशेब जमिनीलाही लागतो. वेगळी साठवण असलेल्या साध्या कार्यालयाचा स्लॅब चौरस मीटरला सुमारे २५० किलो भार धरून काढता येतो. सुट्या खुर्च्यांच्या सभागृहाला मानक ५०० किलो मागतं, कारण तिथे माणसं खेटून उभी राहू शकतात आणि नाचूही शकतात. बांधून झालेल्या इमारतीत एखाद्या मजल्याला ‘आता इथे टाउनहॉल घेऊ’ असं म्हणण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारायचं ते यासाठी. तीच गोष्ट हवेची. बसलेला माणूस सुमारे १०० वॉट उष्णता बाहेर टाकतो. वीस माणसांची ती २ किलोवॉट होते. ३३३ माणसांची ३३ किलोवॉट, म्हणजे साडेनऊ टनांचा एसी निव्वळ माणसांपायी, ऊन आणि दिवे वेगळेच. वीस माणसांच्या हिशेबाने बसवलेली यंत्रणा सभेच्या दिवशी हात टेकते. सभेच्या हिशेबाने बसवलेली एकच अवजड यंत्रणा उरलेले दिवस वीज खाते आणि चौघांना गारठवते. म्हणून एकाऐवजी तीन-चार लहान यंत्रं आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजून बाहेरची हवा कमी-जास्त करणारी व्यवस्था, हा मार्ग या पुस्तकात सविस्तर मांडला आहे.

त्यानंतर पाणी. परदेशी मासिकांतल्या चित्रांत सामाईक पॅन्ट्रीत एक देखणा ओटा आणि त्यात एक सिंक असतं. आपल्याकडे दुपारी एक वाजता दीडशे माणसं डबा घेऊन येतात. ती हाताने जेवतात. जेवणाआधी हात धुतात, नंतर हात धुतात, चूळ भरतात आणि मग डबा विसळतात. या चार क्रियांना एका सिंकवर बसवलं की रांग लागते, जमीन ओली होते, जाळीत भात अडकतो आणि महिन्याभरात वास येऊ लागतो. मग मॅनेजर ‘इथे डबे धुऊ नयेत’ असा फलक लावतो, माणसं स्वच्छतागृहाच्या बेसिनमध्ये डबे धुतात आणि तिथलं ड्रेनेज तुंबतं. उपाय कठीण नाही. हात धुण्याची बेसिनं ओळीने आणि जेवणाच्या जागेच्या वाटेवर. डब्यांसाठी खोल सिंक वेगळं, त्याला काढता येणारी जाळी. खरकट्याची बादली सिंकच्या आधी, नंतर नव्हे. आणि ड्रेनेजला ग्रीस ट्रॅप. पण या सगळ्याला उभ्या पाइपांचा डक्ट जवळ लागतो आणि डक्टची जागा पायाभरणीच्या वेळी ठरते. चाकांवरचं सिंक कोणी अजून यशस्वी केलेलं नाही.

आवाजाबाबतही फसगत ठरलेली. दोन खोल्यांमधली सरकती भिंत कंपनीच्या माहितीपत्रकात उत्तम आवाज अडवते. बसवल्यावर पलीकडची मुलाखत अलीकडे शब्दन् शब्द ऐकू येते. भिंत फॉल्स सीलिंगपाशी संपलेली असते आणि आवाज तिच्या डोक्यावरून, रिकाम्या पोकळीतून आणि एसीच्या डक्टमधून जातो. वर स्लॅबपर्यंत पक्का अडसर आणि डक्टमध्ये आवाज शोषणारं अस्तर नसेल तर महागड्या भिंतीचा पडदा होतो. मग लोक ती ओढायचंच सोडून देतात आणि दोन खोल्यांची कायमची एक होते.

आणि कोठार. सगळ्यांत आधी कापली जाते ती हीच जागा, कारण तिचं भाडं येत नाही आणि चित्रात ती दिसत नाही. ज्या खोलीत जेवण, सभा आणि आरोग्य शिबिर व्हायचं तिथे जेवणाची टेबलं सभेच्या वेळी कुठे जाणार? कोठार नसेल तर ती व्हरांड्यात जातात, जिन्याच्या तोंडाशी जातात, म्हणजे नेमकी पळवाट अडवतात. आपल्या गावांतला देवळाचा सभामंडप पाहा. कीर्तन, पंगत, गावसभा, वारीतल्या दिंडीचा मुक्काम, सगळं एकाच मंडपात होतं आणि त्याची एकही भिंत सरकत नाही. मागे सतरंज्या-भांड्यांची खोली असते, बाजूला पाणी असतं आणि झाडून घेणारा, दिवा लावणारा, कोणाला कधी मंडप मिळणार हे सांगणारा गुरव असतो. कार्यालयातल्या सामाईक मजल्याला या तीनही गोष्टी लागतात.

काही खोल्या मात्र बदलत्या ठेवूच नयेत. एसटी स्थानकांमुळे आपल्याला परिचित झालेला हिरकणी कक्ष ही त्यांतली पहिली. ‘रिकामी असली तर मीटिंगला वापरू’ असं म्हटलं की ती कधीच रिकामी मिळत नाही, आणि तान्ह्या बाळाची आई दार वाजवून माणसं उठवायला जात नाही. पाळणाघराचंही तसंच. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक केलं आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा दिली. चार फेऱ्या लिफ्टच्या रांगेत घालवायच्या नसतील तर ते खालच्या मजल्यावर, मोकळ्या हवेशी लागून हवं. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात पन्नास कामगारांवर पाळणाघर आणि शंभरावर कँटीन सांगताना, अनेक आस्थापनांनी मिळून ते सामाईक चालवण्याचा मार्गही ठेवला गेला. चाळीस-पन्नास माणसांच्या कंपन्यांनी भरलेल्या इमारतीला हा मोठा आधार आहे; माहितीपत्रकात मात्र त्याचा उल्लेख क्वचितच सापडतो. उंच इमारतीतली रेफ्युजची, म्हणजे आगीच्या वेळी थांबण्याची, जागा तर एरवी कशासाठीही वापरायची नाही. ती रिकामी आणि हवेशीर दिसते म्हणून तिथे टेबलं मांडण्याचा मोह होतो. पण ती रिकामी राहणं हाच तिचा उपयोग आहे.

गच्चीवरचा बगीचा सध्या फार मागणीत आहे. मुंबईत वर्षाला दोन मीटरहून अधिक पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. एप्रिल-मेच्या दुपारी फरशीवर पाय ठरत नाही. म्हणजे उघड्या गच्चीचा खरा हंगाम पाच-सहा महिन्यांच्या सकाळ-संध्याकाळचा. थोडी गच्ची छपराखाली घेतली, पश्चिमेचा वाऱ्यासह येणारा पाऊस अडवला आणि पाण्याच्या जाळ्या झाडांच्या कुंड्यांखाली दडपल्या नाहीत तर तो हंगाम लांबवता येतो. दारापाशी ओल्या छत्र्या आणि रेनकोट ठेवायची, पाणी निथळायची जागाही नकाशातच हवी. नाहीतर ते पाणी लिफ्टमध्ये जातं.

वर्षाचं पंचांगही डिझाइनमध्ये धरावं लागतं. गणपतीची आरती, खंडेनवमीला संगणकांची पूजा, सत्यनारायण, दिवाळीचा फराळ, ईदचा शीरखुर्मा, नाताळचा केक, रक्तदान शिबिर, २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिनाचा कार्यक्रम. प्रत्येकाची मागणी वेगळी. आरतीला चपला काढायची जागा लागते आणि धूर ओळखणाऱ्या यंत्राखाली निरांजन चालत नाही. रक्तदानाला खाटा, पाणी आणि खासगीपणा लागतो, शिवाय रक्तपेढीचं सामान थेट आणता येईल अशी सर्व्हिस लिफ्ट. मांसाहार-शाकाहाराचा प्रश्न फलक लावून सुटत नाही. ओट्याच्या दोन बाजू, वेगळे मायक्रोवेव्ह आणि वास ओढून घेणारा दमदार पंखा यांनी तो बराच सुसह्य होतो.

उरतो पैशाचा आणि कारभाराचा भाग, आणि बहुतेक सामाईक खोल्या तिथेच आजारी पडतात. भाडं आकारताना कार्पेट क्षेत्रफळावर सामाईक जागेचं लोडिंग चढवलेलं असतं. दर महिन्याला देखभालीचा सीएएम वेगळा. म्हणजे खोली वापरा किंवा नका वापरू, प्रत्येक भाडेकरू तिचे पैसे क्षेत्रफळाच्या प्रमाणात देतच असतो. त्यात तीन मजले घेणारी मोठी कंपनी दर सोमवारी खोली अडवून ठेवते आणि लहान कंपनीला वर्षभर तारीख मिळत नाही. उलट प्रत्येक तासाला दर लावला तर खोली ओस पडते. दोन्हींचा मेळ घालणारी साधी पद्धत अशी: जेवणाच्या वेळा कोणालाही बुक करता येणार नाहीत, त्या सगळ्यांच्या, उरलेल्या तासांत प्रत्येक भाडेकरूला लहान-मोठं न पाहता काही तास फुकट आणि त्यापुढे दर, संध्याकाळ आणि शनिवार बाहेरच्यांना भाड्याने, आणि ते उत्पन्न थेट सीएएममधून वजा. हे करारात भाड्याच्या आकड्याइतक्याच ठसठशीतपणे लिहावं. आणि खोलीला एक माणूस द्यावा, ज्याच्याकडे किल्लीबरोबर निर्णयही असेल. हाऊसकीपिंगच्या यादीतलं सतरावं काम म्हणून ही खोली चालत नाही.

पुस्तकाचे तीन भाग आहेत. पहिल्यात पाहणी: इमारतीतली माणसं केव्हा, कुठे, कशासाठी जमतात हे मोजण्याच्या पद्धती. दुसऱ्यात बांधणी: भार, दारं, पाणी, हवा, वीज, आवाज, कोठार. तिसऱ्यात कारभार: करार, वेळापत्रक, खर्च, सांभाळ. फर्निचर निवडण्याचं प्रकरण मुद्दाम शेवटी ठेवलं आहे आणि ते सर्वांत लहान आहे. आर्किटेक्ट, जागामालक आणि भाडेकरूंच्या वतीने जागा ठरवणारे, तिघांनाही वाचता येईल अशी भाषा ठेवण्याचा प्रयत्न केला आहे. आकडे जिथे लागतात तिथे दिले आहेत, पण प्रत्यक्ष काम करताना स्थानिक विकास नियमावली आणि अग्निशमन अधिकाऱ्यांचा सल्ला यांना पर्याय नाही.

पुस्तक पूर्ण वाचायला वेळ नसेल तर निदान एवढं करा. सामाईक मजल्याचा नकाशा तुमच्यासमोर मंजुरीला आला की एकावर समाधान मानू नका. त्याच खोलीचे चार नकाशे मागा. मंगळवारी दुपारी एक वाजता जेवताना. गुरुवारी संध्याकाळी दोनशे माणसांच्या सभेत. खंडेनवमीच्या पूजेला. आणि शनिवारी, सगळं सामान उचलून खोली धुताना. चौथ्या नकाशात खुर्च्या कुठे ठेवल्या आहेत ते आधी पाहा. तिथे उत्तर नसेल तर पहिले तीन कितीही सुंदर असोत, नकाशा परत पाठवा.